काव्यवर्ष १९४५ : पाश्चात्त्य कविता आणि डहाणू–तलासरी

काव्येतिहासाची एका वर्षापुरती केलेली नोंद म्हणजे काव्यवर्ष. त्या वर्षी प्रसिद्ध झालेले काव्यसंग्रह, कवींना मिळालेले सन्मान, तसेच कवींचे जन्म व मृत्यू यांची अशी कालक्रमबद्ध जंत्री देण्याची प्रथा यूरोप व अमेरिका येथील वाङ्‌मयेतिहासांत दीर्घकाळ रूढ आहे. अभ्यासाच्या दृष्टीने ही पद्धती सोयीची असली, तरी तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. कविता ही छापील वस्तू असून तिची तारीख म्हणजे तिच्या मुद्रणाची तारीख, हे ते गृहीतक होय. १९४५ या वर्षाच्या संदर्भात ते तपासून पाहणे उद्‌बोधक ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीमुळे पाश्चात्त्य कवितेच्या इतिहासात हे वर्ष सीमारेषेसारखे मानले जाते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला, डहाणू व तलासरी या प्रदेशांत, वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. या प्रदेशात समृद्ध मौखिक काव्यपरंपरा नांदत होती. तथापि कोणत्याही काव्यवर्षाच्या जंत्रीत तिला स्थान नाही. ही दोन क्षेत्रे शेजारी ठेवली असता काव्यवर्षाच्या संकल्पनेची मर्यादा तर कळतेच. पण पाश्चात्त्य कवितेचे १९४५ हे वर्षही वेगळ्या रीतीने वाचावे लागते.

चार तारखा : कोणत्याही काव्यकृतीला किमान चार तारखा असतात. कवितेला कारण झालेली घटना ज्या वर्षी घडली ते पहिले वर्ष, रचनेचे दुसरे, प्रकाशनाचे तिसरे आणि ज्या वर्षी ती कृती वाचकांच्या वा श्रोत्यांच्या जाणिवेचा भाग बनते, ते चौथे. शांततेच्या काळात ही वर्षे परस्परांच्या जवळ असतात आणि त्यामुळे त्यांतील भेद लक्षात येत नाही. युद्ध, कारावास, परभृत सत्ता वा निरक्षरता यांनी समाजजीवन ग्रासलेले असते, तेव्हा मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडते. जंत्रीकार सामान्यतः तिसऱ्या तारखेवर विसंबतो, कारण ती ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे छापलेली असते. मौखिक काव्याला ही तिसरी तारीखच नसल्यामुळे ते जंत्रीबाहेर राहते. ते ‘कालातीत’ असल्याचे सांगून या उणिवेचे समर्थनही केले जाते. वस्तुतः ज्याला तारीख नाही त्याला इतिहास नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पाश्चात्त्य कविता : प्रकाशनाची तारीख प्रमाण धरल्यास १९४५ हे वर्ष बरेच संपन्न दिसते. इंग्लंडमध्ये फिलिप लार्किन (१९२२–८५) या कवीचा द नॉर्थ शिप हा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. अमेरिकेत रँडल जॅरेल (१९१४–६५) याचा लिटल फ्रेंड, लिटल फ्रेंड हा युद्धविषयक कवितांचा संग्रह निघाला; त्यातील बाँबफेकी विमानाच्या तोफचीवरील पाच ओळींची कविता युद्धकाव्याचा आदर्श म्हणून पुढे वारंवार उद्‌धृत झाली. ग्वेंडोलिन ब्रुक्स (१९१७–२०००) या कृष्णवर्णीय कवयित्रीचा अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल (म. शी. ब्राँझव्हिलमधील एक रस्ता) हा पहिला संग्रहही याच वर्षीचा. शिकागो शहराच्या दक्षिण भागातील दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या सामान्य कृष्णवर्णीयांचे जीवन तीत बॅलड आणि सुनीत या परंपरागत रूपबंधांतून व्यक्त झाले आहे. पुढे १९५० मध्ये पुलिट्झर पारितोषिक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक ठरली. पोलंडमध्ये चेस्वाव्ह मिवॉश (१९११–२००४) याचा ओत्सालेन्ये (म. शी. बचाव) हा संग्रह उद्‌ध्वस्त देशातील पहिल्या युद्धोत्तर ग्रंथांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाला. इटलीत उंबेर्तो साबा (१८८३–१९५७) याच्या आयुष्यभराच्या कवितेचे संकलन कान्त्सोनिएरे या नावाने निघाले. साहित्याचे नोबेल पारितोषिक चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल (१८८९–१९५७) या कवयित्रीला मिळाले. लॅटिन अमेरिकेकडे आलेले हे पहिलेच साहित्यविषयक नोबेल होय. फ्रान्समध्ये पॉल व्हालेरी (१८७१–१९४५) जुलै महिन्यात निधन पावला व त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने निघाली.

या वर्षीचे एक प्रकाशन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. डब्ल्यू. एच्. ऑडन (१९०७–७३) याच्या तोवरच्या कवितांचे संकलन १९४५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात त्याने कविता रचनाकालानुसार न लावता त्यांच्या पहिल्या ओळीच्या वर्णक्रमाने लावल्या. आपल्या काव्याच्या विकासाचा आलेख वाचकाने वर्षावर्षाने काढू नये, अशी ही योजना होती. ज्या वर्षाला समीक्षकांनी सीमारेषा मानले, त्याच वर्षी एका प्रमुख कवीने कालक्रमालाच नकार दिला होता, असा याचा अर्थ होतो. तथापि ऑडनचा हा नकार मुद्रणाची सुविधा हाताशी असलेल्या कवीचा नकार आहे. तारीख पुसण्याचे स्वातंत्र्य त्यालाच असते, ज्याच्या कवितेची तारीख आधी कोठेतरी नोंदलेली असते.

जंत्रीत न मावणारे १९४५ : या वर्षी लिहिल्या गेलेल्या वा या वर्षातील अनुभवांतून निर्माण झालेल्या अनेक महत्त्वाच्या कविता प्रकाशनाच्या जंत्रीत भलत्याच वर्षांत आढळतात. हंगेरियन कवी मिक्‌लोश राद्‌नोती (१९०९–४४) सक्तमजुरीच्या तुकडीतून नेला जात असताना नोव्हेंबर १९४४ मध्ये ठार झाला. जून १९४६ मध्ये सामूहिक थडगे उकरण्यात आले, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात कवितांची वही सापडली. या कवितांची रचना १९४४ मधील. मात्र वाचकांपर्यंत त्या पोहोचल्या १९४६ नंतर. मधल्या १९४५ या वर्षी त्या अक्षरशः जमिनीखाली होत्या. आल्ब्रेख्त हाउसहोफर (१९०३–४५) याने बर्लिनमधील मोआबिट तुरुंगात लिहिलेली सुनीते एप्रिल १९४५ मध्ये त्याला गोळी घालून मारल्यानंतर त्याच्या मृतदेहाजवळ मिळाली. फ्रेंच कवी रॉबेर देस्नोस (१९००–४५) छळछावणीतून मुक्त झाला. पण टायफसने जर्जर होऊन जून १९४५ मध्ये मरण पावला. एझरा पाउंड (१८८५–१९७२) याला इटलीतील फॅसिस्ट राजवटीच्या प्रचाराबद्दल मे १९४५ मध्ये पकडण्यात आले व पीसाजवळील अमेरिकन लष्करी छावणीत, प्रारंभी काही आठवडे पोलादी पिंजऱ्यात, ठेवण्यात आले. तेथे त्याने जे काव्य रचले, ते द पीझन कँटोज या नावाने १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९४९ मध्ये त्यास बॉलिंजेन पारितोषिक देण्यात आल्यावर मोठे वादळ उठले. पॉल सेलान (१९२०–७०) याची छळछावण्यांवरील प्रसिद्ध कविता याच काळातील. ती प्रथम १९४७ मध्ये रूमानियन भाषांतराच्या रूपाने छापली गेली आणि जर्मन वाचकांना तिचा खऱ्या अर्थाने परिचय १९५२ च्या संग्रहानंतरच झाला. चिलीचा पाब्लो नेरूदा (१९०४–७३) १९४५ मध्ये उत्तरेकडील खाण-कामगारांच्या प्रदेशातून सिनेटवर निवडून आला. त्याच वर्षी त्याने माक्‌चू पिक्‌चूच्या अवशेषांवरील दीर्घकाव्य रचले आणि ते नगर बांधणाऱ्या अनाम मजुरांना त्यात आवाहन केले. कांतो हेनेराल या त्याच्या महाकाव्यातून मात्र ते १९५० मध्ये सर्वदूर पोहोचले.

यावरून १९४५ च्या पाश्चात्त्य कवितेचा गाभा १९४५ च्या प्रकाशनांत नाही, असे दिसते. तो वह्यांत, तुरुंगांत, मातीखाली आणि स्मरणात होता. या विलंबाचे स्वरूप केवळ तांत्रिक नाही. अनुभव जेवढा असह्य, तेवढा तो शब्दांत येण्यास व ऐकला जाण्यास काळ अधिक लागतो. टेओडोर आडोर्नो (१९०३–६९) या जर्मन तत्त्वचिंतकाने १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात नरसंहारानंतर काव्यलेखनाला नैतिक अधिकार उरतो काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि १९६६ मध्ये स्वतःच त्याची तीव्रता सौम्य केली. हा प्रश्न लिखित कवितेपुरता आहे. कविता जेथे लिहिलीच जात नाही, तेथे तो निराळ्या रूपात उभा राहतो : गाणे थांबवता येत नाही अशा समाजाचे दुःख त्या गाण्यात कोठे शोधावयाचे?

डहाणू–तलासरी, १९४५ : हा प्रदेश त्या काळी मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्यात होता. तलासरीचा परिसर उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातकडे गेले व तलासरी महाराष्ट्रात राहिले. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारा व फळबागा आणि पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याकडे जाणारा जंगलपट्टा, अशी त्यांची रचना आहे. येथील आदिवासींत वारली प्रमुख असून त्यांची बोली मराठी व गुजराती यांच्या सीमेवर वाढलेली, परंतु मराठीशी निकटचे नाते असलेली आहे. या बोलीला लिखित साहित्याची परंपरा नव्हती.

जमीन बव्हंशी बिगरआदिवासी जमीनदार व सावकार यांच्या हाती गेली होती. कुळाला मालकाच्या शेतावर विनामूल्य वा नाममात्र मोबदल्यावर राबावे लागे. पावसाळ्यात घरातील धान्य संपले, की खावटी म्हणून धान्य उचलावे लागे व सुगीत ते वाढीव मापाने फेडावे लागे. सर्वांत क्रूर प्रथा लग्नगडीची होती. लग्नाच्या खर्चासाठी कर्ज घेणारा तरुण त्या कर्जाच्या फेडीपोटी सावकाराचा बांधील नोकर बने आणि हे बंधन बहुधा जन्मभराचे होई. पत्नीही त्यात ओढली जाई. डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३८ मध्ये मुंबई शासनाला सादर केलेल्या अहवालात या पिळवणुकीचे सविस्तर वर्णन आले आहे. तथापि त्यामुळे प्रत्यक्ष परिस्थितीत फारसा पालट झाला नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा (जि. ठाणे) येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले. शामराव परुळेकर (१९०२–६५) व गोदावरी परुळेकर (१९०७–९६) यांच्या पुढाकाराने त्यानंतर वारल्यांचे संघटन सुरू झाले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी या गावी सुमारे ५,००० आदिवासी जमले आणि वेठ न करण्याचा व लग्नगडीची पद्धत मोडण्याचा निर्धार त्यांनी केला. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पुढे आला. ५०० पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये ही त्यातील मुख्य मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व अन्य चार जण मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीही लढा चालू राहिला आणि वेठबिगारी व लग्नगडी या प्रथांचा कणा मोडला.

वारली मौखिक काव्य : या समाजाच्या काव्याचे तीन ठळक प्रकार सांगता येतील. पहिला विवाहगीतांचा. वारली विवाहात पुरोहिताचे स्थान धवलेरी या स्त्रीकडे असते. घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकटीच्या मध्यभागी पालघट या देवीची आकृती असते. धवलेरी आपल्या साथीदार स्त्रियांसह दीर्घ गीते गाऊन देवतांना पाचारण करते आणि विधी सिद्धीस नेते. या गायनावाचून चौक पूर्ण होत नाही व चौकावाचून विवाह होत नाही. दुसरा प्रकार कथागीतांचा. भगत घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने धान्यदेवता कणसरीची कथा गातो. तिसरा तारपानृत्याचा. भोपळा, बांबू व ताडाचे पान यांपासून केलेल्या तारपा या वाद्याभोवती, नवे भात तयार होऊ लागले की, स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरतात.

‘धवलेरी’ हे नाव मराठी काव्येतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. विवाहप्रसंगी गावयाच्या गीतांना मराठीत ‘धवळे’ म्हणतात. आद्य मराठी कवयित्री मानली जाणारी महानुभाव पंथीय महदंबा हिचे धवळे तेराव्या शतकातील असून गोविंदप्रभूंच्या लग्नलीलेच्या निमित्ताने ते उत्स्फूर्तपणे रचले गेले, अशी परंपरा आहे. ग्रंथात शिरलेले धवळे वाङ्‌मयाच्या इतिहासाचा प्रारंभबिंदू ठरले आणि ओठांवर राहिलेले धवळे मानवशास्त्राच्या खाती जमा झाले. काव्यप्रकार एकच असूनही केवळ लेखनाच्या योगाने अशी विभागणी झाली.

विवाहगीत आणि लग्नगडी : वारली काव्याचा मध्यवर्ती प्रसंग विवाह हा आहे आणि १९४५ पूर्वीच्या वारली दास्याचे मध्यवर्ती कारणही विवाह हेच होते. धवलेरीचे गीत ज्या मंडपात ऐकू येई, त्या मंडपाचा खर्च सावकाराच्या वहीत लिहिलेला असे. गीतात वधूवरांना सुफलतेचे वरदान मिळे. वहीत त्यांचे श्रम गहाण पडत. धान्यदेवतेच्या कथेचेही तसेच. कणसरीचे स्तवन करणाऱ्या घरी पावसाळ्यात कण उरत नसे आणि खावटीचे माप दुसऱ्याच्या हाती असे. मौखिक काव्य हे समाजाच्या निरागस आनंदाचा आविष्कार असते, हा समज येथे टिकत नाही. त्याचबरोबर या गीतांत पिळवणुकीचा उल्लेख शोधत बसणेही व्यर्थ आहे. विधिगीताचे कार्य वृत्तांत सांगण्याचे नसून जग जसे असावयास हवे तसे प्रसंगापुरते उभे करण्याचे असते. जगात जे नाकारले जाते, ते गीतात अबाधित ठेवणे हाच त्याचा अर्थ होय.

हे मान्य केल्यास १९४५ ची काव्यदृष्ट्या खूण कोठे आहे, हेही कळते. झरीच्या सभेने लग्नगडीची प्रथा मोडण्याचा निर्धार केला, त्या वेळी विवाहगीताच्या अर्थाची अटच पालटली. शब्द परंपरेने आलेले असले, तरी ते ज्या वधूवरांना उद्देशून म्हटले जात, त्यांना उद्यापासून सावकाराच्या दारी राबावयाचे नव्हते. प्रयोगसिद्ध काव्यात संहिता ही अर्थाची एक बाजू असते; श्रोता व प्रसंग ही दुसरी. दुसरी बाजू बदलली की काव्य बदलते. लिखित कवितेबाबतही हे काही अंशी खरे असले, तरी तेथे छापील संहिता स्थिर राहून बदल झाकून टाकते. या अर्थाने १९४५ हे वारली काव्याचे महत्त्वाचे वर्ष आहे, जरी त्या वर्षाची म्हणून एकही कविता दाखवता येत नसली.

पाश्चात्त्य समीक्षेतही याला पोषक विचार आढळतो. मिल्मन पॅरी (१९०२–३५) याने १९३३–३५ या काळात युगोस्लाव्हियातील गायकांची कथाकाव्ये ध्वनिमुद्रित केली व त्यांच्या आधारे होमरच्या रचनापद्धतीचा विचार केला. त्याचा सहकारी ॲल्बर्ट लॉर्ड (१९१२–९१) याने द सिंगर ऑफ टेल्स (१९६०) या ग्रंथात मौखिक परंपरेत प्रत्येक गायन ही नवी रचनाच असते, असे प्रतिपादन केले. विधिगीतांत नवरचनेस कथाकाव्याइतका वाव नसतो हे खरे. तरी प्रत्येक प्रयोग विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसांसमोर होतो, हे तत्त्व त्यांनाही लागू पडते. म्हणजे मौखिक काव्य तारखेविना नसते. उलट त्याला असंख्य तारखा असतात. त्यांतील एकही नोंदली गेलेली नसते, एवढेच. एलिअस लनरॉट याने संकलित केलेल्या कालेवाला या फिनिश महाकाव्याचे वर्ष १८३५ असे सर्वत्र दिले जाते. ते संकलकाचे वर्ष आहे, गायकांचे नव्हे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांचेही वर्ष मराठीत १९५२ मानले जाते, कारण आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती त्या वर्षी ग्रंथरूपाने आली; शेतात आणि जात्यावर ती जन्मली ती वर्षे कोणी लिहून ठेवली नाहीत.

लेखनात आगमन : डहाणू–तलासरीच्या १९४५ ला अक्षररूप टप्प्याटप्प्याने मिळाले. के. जे. सावे यांचा द वारलीज हा समाजवर्णनपर इंग्रजी ग्रंथ १९४५ मध्येच मुंबईत प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी वारली स्वतः बोलू लागले, त्याच वर्षी त्यांच्याविषयी ग्रंथ निघावा हा केवळ योगायोग. परंतु छापील जंत्रीत ग्रंथाला जागा मिळते आणि सभेला मिळत नाही, हा योगायोग नव्हे. शामराव परुळेकर यांनी १९४७ मध्ये उठावाचा इंग्रजी वृत्तांत लिहिला. गोदावरी परुळेकर यांचे जेव्हा माणूस जागा होतो हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले व त्यास १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. घटना व ग्रंथ यांमध्ये २५ वर्षांचे अंतर आहे. सेलान किंवा पाउंड यांच्या बाबतीतील अंतर काही वर्षांचे होते. परुळेकरांचे पुस्तक गद्य आहे आणि त्याची लेखिका वारली नाही, या दोन्ही गोष्टी मूल्यमापन करताना विसरून चालत नाही. भाषा साधी, अलंकारविरहित असून माणसांच्या बोलण्याचा, मौनाचा व भीती ओसरत जाण्याच्या क्रमाचा तीत बारकाईने वेध घेतला आहे. मराठी गद्याची ती मोलाची कमाई होय. तथापि ती धवलेरीच्या काव्याची जागा घेऊ शकत नाही आणि तसा तिचा दावाही नाही.

मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहात याच सुमारास मोठे परिवर्तन घडत होते. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांचा काही कविता हा नवकाव्याला दिशा देणारा संग्रह १९४७ मध्ये आला. यंत्रयुगातील महानगरी माणसाची विफलता हा त्याचा विषय. मुंबईपासून डहाणू लोहमार्गाने सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. परंतु महानगराची नवी कविता आणि जंगलपट्ट्यातील गीत यांचे परस्परांना भान नव्हते. श्रमिकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शाहिरीचे बळ मोठे होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ च्या सुमारास स्थापन झाले. परंतु तिची भाषा व रूपे पोवाडा-लावणीची, म्हणजे देशावरील मराठीची होती. वारली बोलीतील गीत या दोन्ही प्रवाहांबाहेर राहिले.

१९७० नंतर चौकातील चित्रे कागदावर व कापडावर आली. गंजाड (ता. डहाणू) येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे वारली चित्रकलेला आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभली व २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यशोधरा दालमिया यांच्या द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज (१९८८) या ग्रंथात चित्रांबरोबर विधी, कथा व गीते यांचाही विचार आहे. कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले. तरी चित्राला जी बाजारपेठ व प्रतिष्ठा मिळाली, ती गीताला मिळाली नाही. चित्र भिंतीवरून उचलून नेता येते. गीत धवलेरीच्या कंठातून तसे वेगळे करता येत नाही. चौक गीतावाचून अपुरा, हे विधीतील नाते लक्षात घेतले, तर जगभर पोहोचलेले वारली चित्र हे अर्धे वारली काव्य आहे असे म्हणावे लागते. दुसरे अर्धे अद्याप मागेच आहे. १९७९ मध्ये भद्रावती (जि. चंद्रपूर) येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि पुढे वाहरू सोनवणे यांच्या गोधड (१९८७) सारख्या संग्रहांतून आदिवासी कवी स्वतःच्या नावाने व तारखेने छापील काव्येतिहासात आले. लिखित आदिवासी कवितेचे हे स्वागतार्ह आगमन मौखिक काव्याची उणीव भरून काढत नाही. उलट तिची जाणीव अधिक तीव्र करते [→ लोकसाहित्य].

मूल्यमापन : यूरोपातील नरसंहार आणि डहाणू–तलासरीतील दास्य यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. दुःखांची मापे एकमेकांना लावण्याने दोन्हींवर अन्याय होतो. तुलना आहे ती काव्याच्या नोंदीच्या रीतीची. राद्‌नोतीची वही मातीतून वर आली म्हणून १९४४ ची कविता इतिहासात शिरली. ती वर आली नसती, तरी त्या कविता रचल्या गेल्या होत्या हे सत्य बदलले नसते. मात्र इतिहासाला ते कळले नसते. मौखिक काव्याच्या बाबतीत ही वही कधी नव्हतीच. गायिका निवर्तते तेव्हा ग्रंथालयाच्या दृष्टीने काहीच घडत नाही. यामुळेच अशा काव्याचे संकलन करताना केवळ शब्द न टिपता गायनाचे स्थळ, प्रसंग, गाणारी व्यक्ती आणि तारीख यांचीही नोंद करणे आवश्यक आहे. ‘पारंपरिक’ हा शिक्का मारून तारीख गाळणे म्हणजे गायिकेला इतिहासातून वगळणे होय.

दुसऱ्या बाजूने, सर्व मौखिक काव्याला सामाजिक घटनांचे पडसाद मानण्याचा मोहही टाळावयास हवा. धवलेरीचे गीत हे १९४५ च्या उठावाचे साधन नव्हते आणि त्याचे प्रतिबिंबही नव्हते. उठावाने ज्या जीवनाचा हक्क मागितला, त्याचे चित्र ते गीत पिढ्यान्‌पिढ्या जपत आले होते, एवढे म्हणणे पुरेसे आहे. ब्राँझव्हिलमधील रस्त्यावर जगणाऱ्या माणसांना ब्रुक्सने सुनीताचा मान दिला. माक्‌चू पिक्‌चूच्या अनाम मजुरांना नेरूदाने हाक दिली. या दोन्ही कृतींचे मोठेपण निर्विवाद आहे. झरीच्या सभेतील माणसांना मात्र असा मान देणारा कवी बाहेरून यावयाची गरज नव्हती. त्यांच्या घरी काव्य होते, त्याला विधीचा अधिकार होता व ते गाणाऱ्या स्त्रीला समाजात पुरोहिताचे स्थान होते. गरज होती ती त्या काव्याला काव्य म्हणून ओळखण्याची.

काव्यवर्षाची जंत्री टाकाऊ ठरते, असा याचा निष्कर्ष नाही. घटना, रचना, प्रकाशन व श्रवण या चारही तारखांना तीत जागा दिल्यास ती अधिक विश्वसनीय होईल. अशा जंत्रीत १९४५ या वर्षाखाली लार्किन व ब्रुक्स यांचे संग्रह, मिस्त्रालचा सन्मान, पीसा येथील पिंजरा व मोआबिट तुरुंगातील सुनीते यांच्या बरोबरीने आणखी एक नोंद येईल : त्या वर्षी झरी येथे लग्नगडीची प्रथा मोडण्याचा निर्धार झाला आणि त्यानंतर डहाणू–तलासरी भागातील विवाहगीते ऋणमुक्त वधूवरांसाठी गाइली जाऊ लागली.